लूजिंग धरून सोळा

रविवारी सकाळी साडेदहाला मास्तरांनी बटणला कापणीच्या टेबलावर उभं केलं, तिच्या पोटाभोवती टेप फिरवला आणि माप बोलले, "सोळा."

दुकानाला सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि त्याखालून येणारा उन्हाचा पट्टा टेबलाच्या पायांपर्यंत पोचला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरला मुलगा डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाला कच्ची शिलाई घालत बसला होता. त्याची सुई थांबली.

"किती?"

"सोळा म्हटलं ना."

"गेल्या महिन्यात मी घेतलं तेव्हा चौदा होतं."

मास्तरांनी टेप पुन्हा फिरवला. बटण निमूट उभी राहिली. तिला मापाची सवय होती. थंडीत तिच्या अंगावर घरातल्या कोणापेक्षाही चांगल्या फिटिंगचा कोट असायचा. "सोळा," मास्तर म्हणाले आणि टेप गळ्यात टाकला.

आत्या जिन्यावरून खाली येत होती. मास्तरांची ही धाकटी बहीण या घरातून सासरी गेली होती आणि पुढे एकटीच परत आली होती. तेव्हापासून घरातलं काहीही तिच्या कानांवर न जाता घडत नसे. ती शेवटच्या पायरीवर थांबली. "पोट सुटलंय म्हण की तिचं."

"गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल दुकानात बोलायचं नाही."

"दादा, कुत्री कधीपासून गिऱ्हाईक झाली?"

"टेबलावर उभी आहे ना? मग झाली."

त्या दिवशी घरात एकाच गोष्टीचा निकाल लागायचा होता. बटण पिल्लांसाठी योग्य आहे की नाही, हे संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई सांगणार होत्या. कोटाच्या ट्रायलला त्या येणारच होत्या, तेव्हाच कुत्रीही बघते म्हणाल्या होत्या. महिन्याभरापूर्वी बटणचा माज नुकताच संपला होता. तेव्हा त्यांनी तिला वरवर तपासलं होतं, ती हडकुळी आहे म्हणाल्या होत्या, आणि महिनाभर चांगलं खायला घालून पोटाचं माप घेऊन ठेवायला सांगितलं होतं. योग्य ठरली तर पुढच्या खेपेला औषधवाल्यांच्या 'साहेबा'शी तिची जोडी लावायची होती. साहेब जातिवंत होता, पांढराशुभ्र होता, आणि त्याला चिखलातून उचलून न्यावं लागे.

प्रश्न नुसत्या पिल्लांचा नव्हता. मास्तरांच्या धाकट्या मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि तो आधीच तिकडे गेला होता. वर्षाखेरीस त्याला घराचा ताबा मिळाला की धाकटी सून जाणार होती. बटण तिची, माहेराहून आलेली, म्हणजे बटणही जाणार. मास्तरांना त्याआधी बटणचं एक पिल्लू हवं होतं. तसं झालं तर पिल्लांचं दूध सुटेपर्यंत आपण इथे थांबू, असा शब्द धाकटीने दिला होता. पण तिला मनातून हे मान्य नव्हतं. बटणची आई बाळंत होताना गेली होती, आणि बटण म्हणजे तिच्यामागे उरलेलं मुठीएवढं पिल्लू. धाकटीने तिला ड्रॉपरने दूध पाजून जगवलं होतं.

मास्तर आणि थोरला पिल्लांच्या बाजूने होते, दोघी सुना विरुद्ध. आत्या कोणत्या बाजूला आहे हे ती समोरचा माणूस बघून ठरवत असे.

सोळा इंचांनी हे सगळं विस्कटलं.

"चौदाचे सोळा," आत्या टेबलाशी येऊन म्हणाली. तिने बटणच्या पोटावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि उघडले. "अरे, तुम्ही कसला निकाल ऐकताय? पोरगी गरोदर आहे!"

थोरल्याने सुई बोटात टोचून घेतली.

*

थोरली सून स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. बातमी तिथे पोचली तेव्हा तिने फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि मगच विचारलं, "कोणापासून?"

"तेच तर," आत्या म्हणाली. "साहेब तर उंबरा ओलांडत नाही. आणि ती माजावर होती तेव्हा वरच्या खोलीत कडीकुलपात होती. धाकटी स्वतः पहारा देत होती."

धाकटी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. "एक क्षण तिला खाली सोडली नाही मी. भाऊजींवर सोपवून बाजारात गेले होते तेवढीच."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंडात बोट घालून उभा होता. बोटाला रक्त आलं होतं हे खरं, पण इतका वेळ चोखण्याएवढं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं कोणतं मौन कशाचं असतं हे तिला शिलाईसारखं ओळखता येई. तिने तेव्हा काही विचारलं नाही. वरच्या खोलीत चादरी बदलायच्या निमित्ताने त्याला बोलावून घेतलं आणि दार लावलं.

"बोला."

"काय बोलू?"

"अहो, तुमचे कान लाल झालेत."

थोरला गादीच्या कडेवर बसला. गेल्या महिन्यातल्या त्या दुपारी बटणला खाली दुकानात आणून तो चिंध्यांचं पोतं ठेवायला मागच्या अंगणात गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. पँटच्या लांबीवरून कुरकुरणारं गिऱ्हाईक होतं. बोलणं लांबलं. परत आला तर मागचं दार सताड उघडं, बटण अंगणात, आणि नळाशी इन्स्पेक्टर बसलेला.

इन्स्पेक्टर म्हणजे गल्लीतला कुत्रा. रोज सकाळी तो गल्लीतली एकूण एक स्कूटर हुंगून पुढे जाई, म्हणून हे नाव. अंगाने मध्यम, कान मात्र एखाद्या मोठ्या कुत्र्याकडून मागून आणल्यासारखे.

"काय करत होता तो?"

"काहीच नाही. भिंतीकडे बघत बसला होता. अगदी सभ्यपणे."

थोरलीने उशी तोंडावर दाबली. आधी तिचे खांदे हलले, मग ती चादरीवर आडवीच झाली.

"हसू नकोस. धाकटी मला उभा चिरेल."

"आणि औषधवाल्यांना काय सांगणार? साहेबाचं लग्न मोडलं, मुलगी इन्स्पेक्टरबरोबर गेली?"

"हे कोणाला बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलू?" थोरली म्हणाली आणि खाली जाऊन तिने आत्याला सांगितलं.

खरं तर थोरलीला या घरात पिल्लं नकोच होती. फरशी ती पुसत होती, केस ती गोळा करत होती, आणि गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटवर बटणचा एक पांढरा केस सापडला की ऐकूनही तीच घेत होती. पण जेवणं आटोपली आणि तिच्या लक्षात आलं की आपण माळ्यावरून जुनी वेताची टोपली काढली आहे, ती धुतली आहे आणि उन्हात ठेवली आहे.

"ताई, तुम्ही तर माझ्या बाजूने होतात," धाकटी म्हणाली.

"आहेच अगं. टोपली काय, कांदे ठेवायला पण होते."

"कांद्यांना तुम्ही दुपटं अंथरलंय."

थोरलीने दुपट्याची घडी सारखी केली. "आता झालंच असेल तर काय उघड्यावर टाकणार बाळंतिणीला?"

आत्याला गुपित सांगण्यात एक सोय होती. पुन्हा कोणाला सांगावं लागत नसे. दुपारपर्यंत मागच्या दाराची गोष्ट सगळ्या घराला ठाऊक झाली होती, आणि धाकट्याचा फोन आला तेव्हा तो आत्यानेच उचलला. पलीकडून तो एवढंच विचारत राहिला, "पिल्लं? कुणाची? आणि इन्स्पेक्टर घरी का आला होता?"

धाकटी थोरल्याशी भांडली नाही. त्याच्या समोरून ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा म्हणाली, "दार लावून घ्या, भाऊजी." घरात तेव्हा सगळी दारं लागलेलीच होती.

*

दुपारी धाकटी खाली आली तेव्हा बटण टेबलाखाली तिच्या नेहमीच्या जागी झोपली होती, आणि मास्तर हाताने काहीतरी शिवत होते. कोटांच्या अस्तराचे उरलेले तुकडे त्यांनी चौकोनी कापून जोडले होते. निळा, करडा, मधेच एक चमकदार तपकिरी. आत कापूस भरून गादी जवळजवळ तयार झाली होती.

"हे आज शिवलंत?"

"अं... आज नाही. थोडं थोडं चाललं होतं."

"म्हणजे डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐकायच्या आधीपासून."

मास्तरांनी दोरा दाताने तोडला. थोरल्याने काही वर्षांपूर्वी कापणी आपल्या हाती घेतली, तेव्हापासून ते दुकानात दुरुस्तीची कामं करत. कामापेक्षा बोलणं जास्त चाले. ऐकायला बटण असे.

धाकटी स्टुलावर बसली. "बाबा, रागावणार नसाल तर विचारते. तुम्हाला पिल्लू हवंय की आम्ही थांबायला हवंय?"

"तुम्हाला कोण थांबवतंय? नवरा तिकडे हाताने चहा करून पितोय बिचारा."

"मग?"

"मी बोलतो तेव्हा ही मान तिरकी करते." मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं. "माझं ऐकताना या घरात आता कोणी मान तिरकी करत नाही. तुझ्या सासूबाई करायच्या. पण त्यांना ऐकूच कमी यायचं."

धाकटी हसली आणि मग हसू आवरलं. "तिची आई माझ्या डोळ्यांसमोर गेली, बाबा. सकाळी शेपटी हलवत होती."

"माहीत आहे मला ते."

"मग तरी तुम्हाला हवं होतं?"

"हवं होतं." ते गादीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "सकाळी सोळा बोललो ना, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं मला. मग तुझं तोंड बघितलं. तेव्हापासून ही शिलाई वाकडी जातेय."

शिलाई खरंच वाकडी गेली होती. धाकटीने गादी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि सुई मागितली. एक बाजू उसवून तिने पुन्हा शिवली. मास्तर टाके बघत होते.

*

पाच वाजता डॉक्टरीणबाई आल्या. उंच, घाईच्या, आणि खिशात कायम काहीतरी खडखडणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि सकाळपासूनची कथा पाच जणांच्या तोंडून एकाच वेळी ऐकून घेतली.

"एकाने बोला. दार कोणी उघडं टाकलं?"

चौघांनी थोरल्याकडे बोट दाखवलं.

बटणला पुन्हा टेबलावर घेतलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिचे मागचे पाय हातात घेतले, हळूच वाकवले, सरळ केले, आणि डाव्या गुडघ्याशी थांबल्या. "ही कधीकधी एक पाय उचलून तीन पायांवर धावते का?"

"लाडात आली की," आत्या म्हणाली.

"लाड नाहीत ते. गुडघ्याची वाटी सरकते तिची. बघा, इथे." त्यांनी धाकटीचं बोट तिथे टेकवलं. काहीतरी गुळगुळीत बाजूला झालं आणि परत जागेवर आलं. "तिला सध्या त्रास नाही. पण हे पिल्लांत उतरतं. त्यातून हिची कंबर अरुंद, आणि आईचं तुम्ही सांगितलंत तसं झालेलं. मला विचाराल तर पैदाशीसाठी ही योग्य नाही. साहेब नको आणि कोणीच नको."

धाकटीने श्वास सोडला. मास्तरांनी मान हलवली, जशी ते कापड कमी पडतंय असं कळल्यावर हलवत.

"पण आता ते झालंच असेल तर?" थोरलीने विचारलं. टोपली तिने जिन्याखाली आणून ठेवली होती.

"मग योग्य-अयोग्य मागे पडलं. मग सांभाळायचं. वेळेआधी कळलं तर ऑपरेशनने पिल्लं सुखरूप काढता येतात. मी खूप काढली आहेत." त्यांनी दोन्ही हातांनी पोट चाचपलं, डोळे छताकडे ठेवून. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, बटणसुद्धा. "हाताला ठाम काही लागत नाही. पोट ताठ धरलंय तिने. पण चौदाचं सोळा झालं असेल, तर मी नाही म्हणणार नाही. किती उमेदवार होते?"

"एकच," थोरला म्हणाला. "आणि तो भिंतीकडे बघत होता."

"नंतर सगळेच बघतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चला, ती विश्रांती घेईल. माझा कोट द्या."

कच्च्या शिलाईचा कोट अंगावर चढवून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मास्तर नेहमीप्रमाणे पाठीमागे गेले, कमरेशी टेप फिरवला आणि खडूची खूण करत बोलले, "कंबर सदतीस."

"सदतीस?" डॉक्टरीणबाई गर्रकन वळल्या. "मास्तर, कालच घरी टेप लावला मी. तेहेतीस आहे. व्यायाम करतेय मी सहा महिने!"

"असेल ना. मी कपड्याची बोललो. अंगापेक्षा चार इंच सैल, लूजिंग धरून."

"पण का?"

"माझ्या वडिलांची रीत आहे ही. अंग ज्याचं त्याचं, कपडा चारचौघांचा. दुकानात दहा माणसं बसलेली असतात. आम्ही अंगाचं माप मोठ्याने बोलतच नाही. लूजिंग मिळवायचं आणि कपड्याचं बोलायचं. ऐकणारा तेवढं वजा करून घेतो. कोटाला चार, शर्टाला तीन, अगदी अंगासरशी असेल तर दो..."

ते थांबले.

थोरला वीस वर्षं या माणसाचं बोललेलं माप ऐकत आला होता आणि विचार न करता वजा करत आला होता. ते फक्त माणसांचं. कुत्र्याच्या पोटातून लूजिंग वजा करावं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बाबा," धाकटी म्हणाली, "सकाळी बटणचं माप तुम्ही कोणतं बोललात?"

मास्तरांनी खडू कानामागे ठेवला, तो पडला, तो त्यांनी उचलला. "टेबलावर उभी होती ती. जीभ आपोआप..."

"किती धरलंत?"

"अंगासरशी कोटाला धरतो तेवढंच."

"म्हणजे दोन!" थोरला ओरडला. "दोन इंच! म्हणजे चौदाच! म्हणजे काहीही झालेलं नाही! तो खरंच भिंतीकडे बघत होता!" त्याने बायकोचा हात धरला, मग लोक आहेत हे आठवून सोडला.

आत्याने कपाळाला हात लावला. "दादा, सकाळपासून अख्खं घर बाळंतपणात आहे, आणि तू कुत्रीची अब्रू झाकत होतास!"

डॉक्टरीणबाई कोटासकट खुर्चीत बसून हसत होत्या. कच्ची शिलाई बगलेत उसवल्याचा आवाज आला, तरी थांबल्या नाहीत. थोरली हसली, पण तिने जिन्याखालच्या टोपलीकडे पाहिलं आणि दुपटं काढून घ्यावं की राहू द्यावं याचा निर्णय तिला पटकन घेता आला नाही.

धाकटीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते सगळ्यांबरोबर हसत होते आणि हसता हसता अस्तराची गादी हळूच पायाने टेबलाखाली सारत होते.

"थांबा," ती म्हणाली. "नुसतं वजा करून नाही चालणार. नीट मोजूया."

"घे, तूच घे." मास्तरांनी गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला. "माझ्या जिभेचा आज भरवसा नाही."

तिने बटणला उभं केलं. टेप पोटाखालून घेतला, सैल नाही, आवळून नाही, कातडीला नुसता टेकलेला. बटणने मान तिरकी केली. धाकटीने आकडा वाचला, टेप सोडला, पुन्हा लावला.

"काय आहे?" आत्याने विचारलं.

"साडेचौदा."

"लूजिंग धरून?"

"नाही. अंगाचं."

थोरल्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"अर्धा इंच," डॉक्टरीणबाई हसू आवरत उठल्या आणि पुन्हा डॉक्टर झाल्या. "अर्धा इंच काहीही असू शकतं. खायला कोण घालतंय हिला?"

सगळ्यांनी बटणकडे पाहिलं. मग आत्या म्हणाली, "दूध आणि अंडं. तुम्हीच सांगितलं होतंत."

"दिवसातून एकदा."

"एकदाच घालते मी."

"मीही एकदा घालतो," मास्तर म्हणाले.

"मीपण," थोरला म्हणाला. थोरली काही बोलली नाही, पण बटणने तिच्याकडे पाहून शेपटी हलवली.

"मग अर्धाच कसा वाढला, हे आश्चर्य," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कोट उतरवून टेबलावर ठेवला. "उद्या अकराला दवाखान्यात आणा. मशीनवर बघू. काही नसेल तर पुढच्या माजाआधी नसबंदीचं ऑपरेशन करून टाका, म्हणजे दारांची काळजी नको. काही असेल तर मग आपण सगळेच कामाला लागू. आणि मास्तर, कोटाला लूजिंग तीनच धरा."

त्या गेल्यावर घरात नवे दोन तट पडले. अर्धा इंच अंड्यांचा, असं धाकटी आणि थोरला म्हणत होते. दुपारी दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. अर्धा इंच इन्स्पेक्टरचा, असं आत्या आणि थोरली म्हणत होत्या, आणि थोरलीने टोपली जिन्याखालून हलवली नव्हती. मास्तरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल दुकानात बोलायचं नाही.

धाकटीने नवऱ्याला फोन केला. काय सांगू, उद्या कळेल, म्हणाली. काही नसलं तरी वर्षाखेरीस लगेच निघायचं की थोडं थांबायचं, असं त्याने विचारलं तेव्हा तिने टेबलाखाली पाहिलं. गादीची एक बाजू सरळ टाक्यांची होती, तीन वाकड्या. बटण तिच्यावर अंगाचं वेटोळं करून झोपली होती. "तेही उद्या," ती म्हणाली.

शटर लावायला थोरला उठला. बाहेर इन्स्पेक्टर समोरच्या स्कूटरशी उभा होता आणि दुसरीकडे बघत होता. थोरल्याने शटर खाली ओढलं, मागे जाऊन अंगणाचं दार तपासलं, कडी लावली, पुन्हा काढून पुन्हा लावली. त्या वेळी हाती असलेलं शेवटचं माप एवढंच होतं: साडेचौदा, अंगाचं.